मामांशी बोलायची परीक्षा

नांदेडच्या मामांनी सकाळी रेडिओवर यायचं बंद केलं, तेव्हा पहिला संशय औशाच्या गृहस्थांवर गेला.

रेडिओ म्हणजे गाणी ऐकायचा नव्हे. सरकारचा परवाना काढायचा, घरात संच ठेवायचा, गच्चीवर तार ताणायची आणि त्यावरून आपल्यासारख्याच दुसऱ्या येड्यांशी बोलायचं, असा हा छंद. त्याला हॅम रेडिओ म्हणतात. आमचं एक छोटं टोळकं होतं. औसा, अहमदपूर, हिमायतनगर, नांदेड आणि लातूरला मी. रोज सकाळी चहाच्या वेळेला सगळे हवेत जमायचो. तुमच्याकडे आभाळ आहे का, नाश्त्याला काय, सोयाबीन कुठवर आलं, असल्या जगाच्या उलाढाली तिथे चालत. मामा सगळ्यांत वडीलधारे, म्हणून टोळक्याचे म्होरके. त्यांना सगळेच मामा म्हणत, पण खरी भाची मी एकटी. माझ्या आईचे ते धाकटे भाऊ. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले, आणि कुणाचंही वाक्य पुरं होऊ न देण्याबद्दल दोन जिल्ह्यांत प्रसिद्ध.

औशाच्या गृहस्थांनी एक दिवस आपल्या गुडघ्याची हकीकत फार लांबवली होती. दुसऱ्या दिवसापासून मामा गायब. मग सगळ्यांनी ठरवलं, मामा रुसले. औशाच्या गृहस्थांचा मला फोन आला. बिचारे रडकुंडीला आलेले. म्हणाले, "ताई, मी काय चुकलो ते तरी विचारा, मी माफी मागतो."

मला मामांचा राग आला. मला राग यायला फार वेळ लागत नाही, हे घरातले सांगतीलच. गुडघ्यावरून कुणी अबोला धरतं का? मी दुकान यजमानांवर सोपवलं, आमचं साडी-फॉल आणि ब्लाऊजपीसचं दुकान आहे, आणि सकाळची एसटी धरून नांदेड गाठलं.

मामा ओसरीवर खुर्चीत बसले होते. मी तोंड सोडलं. वयाला शोभतं का, त्या माणसाचा जीव टांगणीला लागलाय, उद्यापासून यायचं बरं का. मामा होकाराची मान हलवून म्हणाले, "हाव." मला वाटलं, इतक्यात ऐकलं? मी म्हटलं, म्हणजे चूक तुमचीच होती ना? तरी म्हणाले, "हाव." मामांनी आपली चूक जन्मात कबूल केली नव्हती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मामींनी मला आत बोलावून सगळं सांगितलं. वर्ष-दीड वर्षापासून ऐकू येणं कमी कमी होत चाललं होतं, आता रेडिओवरचं बोलणंही लागेनासं झालं होतं. पुन्हा विचारायची लाज, म्हणून कुणी काही विचारलं की हाव म्हणायचं. परवा भाजीवाला दारात उभा राहून काय काय विचारत होता आणि हे हाव हाव करत होते. मामी बाहेर येऊन बघतात तर पायरीवर शेपूचा ढीग. त्या घरात शेपूला कुणी हात लावत नाही. कानाचं यंत्रही आणलं होतं. ते लावलं की ताटवाट्यांचा आवाज दुप्पट येतो आणि माणसं होती तशीच पुटपुटत राहतात, असं म्हणून मामांनी ते कपाटात टाकलं होतं.

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांच्या खोलीत गेले. ते संचासमोर बसले होते आणि संचातून बारीक शिट्टी येत होती, तुटक तुटक. मोर्स. कुणीतरी लांबून कळ दाबून अक्षरं पाठवत होतं आणि मामा ती ऐकून गालात हसत होते. मी कागदावर लिहून विचारलं, हे ऐकू येतं?

"ते माणसाचं बोलणं कानात नुसता गोंगाट होतं गं," मामा म्हणाले. "ही एकच शिट्टी हाय. ती अजून साफ कळते."

शिट्टी पाठवणारा कुणी केरळकडचा होता आणि सुनेबद्दल तक्रार करत होता म्हणे. मामा त्याला उत्तर देत नव्हते, नुसतं ऐकत होते. अनोळखी माणसाच्या सुनेबद्दल आपण काय बोलणार? आमच्या टोळक्यात मामा सोडून मोर्स कुणालाच येत नव्हतं. आमचा बाकी सगळ्यांचा परवाना खालच्या वर्गाचा. त्यावर माइक हातात घेऊन बोलता येतं, कळ दाबायची मुभा नाही. ती हवी तर मोर्सची परीक्षा द्यावी लागते.

व्हॉट्सॲप आहे की, असं तुम्ही म्हणाल. घरातलेही तेच म्हणत. मामांना सगळे रोज गुलाबाची फुलं आणि सुविचार पाठवत आणि मामा उलट अंगठा पाठवत. त्याला ते बोलणं म्हणायला तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, ज्याला मधेच अडवता येत नाही, ते बोलणं कसलं? आता वरचा मजला बांधायला काढला होता, गच्चीवरची तार तशीही उतरवावी लागणार होती. ती उतरवून संच हिमायतनगरच्या माणसाला देऊन टाकायचा, असं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं.

मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, मी मोर्स शिकते, तार काढू नका. मामांनी ते वाचून कागदाची घडी करून खिशात टाकली. मग म्हणाले, "परीक्षा होईस्तोवर ठेवतो. नापास झालीस तर ती तार मामीला कपडे वाळू घालायला."

शिकवायला अर्थात मामाच. त्यांनी मला एक पितळी कळ दिली. लाकडी फळीवर बसवलेली पट्टी, बोटांनी दाबली की तिला जोडलेल्या डबीतून शिट्टी वाजते. थोडी दाबली तर डि, जास्त दाबली तर डा. या डि आणि डा मधून इंग्रजीची सगळी अक्षरं होतात, आणि मराठी बोलायचं तर तीच अक्षरं जुळवून. छापील तक्ता बघायला मामांची सक्त मनाई. डोळ्यांनी शिकलेलं मोर्स कानाला ओळख देत नाही, म्हणायचे. मी रविवारी नांदेडला जायची, आणि एरवी कळीवरचा सराव फोनवर रेकॉर्ड करून पाठवायची. मामा तो कानाला लावून ऐकत आणि माझ्या चुका निष्ठेने कळवत. कौतुक मात्र फुकटचं का करायचं, अशी त्यांची शिस्त.

मला सूर चटकन सापडला, कारण मी वर्षानुवर्षं भजनात टाळ वाजवत आले आहे. दर सोमवारी आमच्या गल्लीतल्या महादेवाच्या देवळात बायकांचं भजन असतं. तालाचे बोल जसे तोंडात बसतात तशी ही अक्षरंही बसली. स्कूटरवरून जाताना मी दुकानांच्या पाट्या डि-डा करत वाचायची. दुकानात काउंटरवर बसून पुटपुटायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई जप करून राहिल्या. एकीने तर जपाचा मंत्र मागितला.

परीक्षा हैदराबादला होती. ऐकून लिहायचा भाग मी सहज पार केला. मग पाठवायचा भाग. मी कळीवर हात ठेवला आणि पहिल्या ओळीपासून असा रंग भरला की विचारू नका. मला वाटलं, परीक्षा घेणारे साहेब आता मान डोलावणार. साहेबांनी मधेच पेन्सिल खाली ठेवली आणि अगदी सभ्यपणे म्हणाले की शेवटच्या अर्ध्या भागातलं एकही अक्षर त्यांना लागलं नाही. पुन्हा या.

मी परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून रडले. परीक्षेचं काही नाही, शाळेत मी गणितात नापास झालेलीच आहे. पण मामा पुन्हा त्या ओसरीवर बसून जगाला हाव म्हणत राहणार, आणि ते माझ्यामुळे, हे मला सहन होईना.

लातूरला न जाता तशीच सरळ नांदेडला गेले. मामांनी मला काही न विचारता कळीपुढे बसवलं आणि परीक्षेतला उतारा पाठवायला लावला. डोळे मिटून ऐकलं. मग हसायला लागले. इतके हसले की मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"परीक्षेला गेली होतीस का भजनाला?" मामा म्हणाले. "लय चढवून राहिलीस तू."

खरंच होतं. भजन संथ सुरू होतं, दुसऱ्या कडव्याला जरा उचलतं, आणि शेवटी टाळ असे झडतात की डुलकी लागलेली आजीही जागी होते. आमच्याकडे लय न चढवणाऱ्या बाईला कुणी टाळ देत नाही. माझ्या हाताला तेवढंच ठाऊक होतं. मोर्स मात्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकाच चालीने गेलं पाहिजे, नाहीतर अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडतात. साहेबांपुढे मी मोर्समध्ये आरती केली होती.

तारेचं काय, हा विषय मी काढलाच नाही. तो मामींनी काढला. मामांच्या समोर उभ्या राहून, हातवारे करून त्यांनी बजावलं की कपडे वाळू घालायला घरात दोरी आहे, तारेची काही गरज नाही. मामा हाव म्हणाले. या वेळी त्यांना नक्की कळलं होतं.

पण हात कसा सुधारायचा? मी रोज ठरवून बसायची आणि रोज शेवटी टाळ झडायचे. एका सकाळी मी ज्वारीच्या भाकरी थापत होते. थापता थापता लक्षात आलं, इथे माझा हात चढत नाही. पहिली थाप तशी शेवटची थाप. चढवून चालतच नाही, घाई केली की कड फाटते. म्हणजे माझ्याच मनगटात दोन हात होते, एक भजनाचा आणि एक भाकरीचा, आणि मी चुकीचा हात घेऊन हैदराबादला गेले होते.

मी कळ उचलून ओट्यावर परातीशेजारी ठेवली. एक भाकरी थापायची, तव्यावर टाकायची, आणि ती भाजेपर्यंत त्याच चालीत एक ओळ पाठवायची. कळीच्या स्प्रिंगमध्ये पीठ गेलं, कितीतरी भाकरी करपल्या. यजमान दुधात कुस्करून निमूट खात होते, फक्त एकदा त्यांनी विचारलं की ही परीक्षा पोळ्यांवर नाही का देता येणार. सोमवारी भजनात मात्र माझा टाळ मागे पडायला लागला आणि पेटीवाल्या बाईंनी मला दुसऱ्या रांगेत बसवलं. मी तेही सोसलं.

दुसऱ्या खेपेला मी साहेबांपुढे मनातल्या मनात भाकरी थापली. एकही कड फाटू दिली नाही. साहेबांनी शेवटपर्यंत लिहिलं, आणि वर सांगितलं की हात फार समजूतदार आहे. हे माझ्याबद्दल पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं.

परवाना हातात पडायला वेळ लागला. पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी संच लावला. पाण्याच्या टाकीपासून शेवग्याच्या झाडापर्यंत ताणलेली माझी तार, आणि तिकडे नांदेडला मामांची. मी परवान्यावर मिळालेलं माझं हवेतलं नाव पाठवलं, मामांचं पाठवलं, आणि थांबले. कानात खरखर. मग ती शिट्टी आली, अगदी घोटीव, ठाम. मामा.

मी रीतीप्रमाणे सुरुवात केली. नमस्कार, तुमचा आवाज स्वच्छ येतो, माझा कसा येतो... मामांनी मधेच अडवलं. माझी नमस्काराची ओळ संपायच्या आत ते घुसले आणि औशाच्या गृहस्थांच्या गुडघ्याचं पुढे काय झालं ते विचारलं. मी सांगायला लागले, तर पुन्हा अडवलं. मी एकटी खोलीत बसून हसत होते. मागच्या सगळ्या महिन्यांचं साठलेलं त्यांनी मला विचारून घेतलं. अहमदपूरवाल्याची बदली झाली का, माझी लेक सासरी रुळली का, शेजारचं घर कुणी घेतलं. लोकांचं त्यांना हे सगळं कधीच सांगून झालं होतं, त्यांच्या तोंडावर, आणि त्यांनी मानही हलवली होती.

मग शिट्टी सावकाश झाली.  

माझी आई गेल्या वर्षी गेली. लातूरच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी मामा तिला भेटायला आले होते. तिने त्यांचा हात धरून जवळ ओढलं होतं आणि काहीतरी विचारलं होतं. मामा तिला हाव म्हणाले होते. मी तिथेच उशाशी उभी होते.

मामांनी पाठवलं: ताईनं काय विचारलं होतं? मला ऐकू आलं नाही. मी हाव म्हणून बसलो. कसला शब्द देऊन बसलो ते ठाऊक नाही. तुझ्या तोंडाकडे बघून विचारायची हिंमत झाली नाही.

माझा हात कळीवर होता आणि डोळ्यांना काही दिसत नव्हतं. वर्षभर हा माणूस ते मनात घेऊन बसला होता. मी भाकरीच्या चालीत, एकेक अक्षर सुटं करत, उत्तर पाठवलं. शब्द वगैरे काही नव्हता मामा. तिने विचारलं, जेवून आलास का?

नांदेडहून उत्तर आलं.  

न्हवतो आलो जेवून. तिला सांगू नको.

मी हसले आणि मला आईची इतकी आठवण आली की पदर तोंडाला लावावा लागला. मग डोळे पुसले आणि पाठवलं, नाही सांगणार.