तोंड कुणाचं झाकायचं

नवऱ्याचा मार सोसून त्या घरातून बाहेर पडलेल्या एका बाईवर माहितीपट करायचा होता. पुण्याच्या ऑफिसनं नेमून दिलेलं काम असं होतं: गोष्ट तिची, शब्द तिचे, चेहरा अंधारात. पहिल्या दोन गोष्टींना कळंबमध्ये काहीच अडचण आली नाही.

बाई बाजारातल्या एका बोळात पिठाची गिरणी चालवते. गिरणी वडिलांची. वडील गेल्यावर भावानं नोकरी धरली, ही माहेरी परतलेलीच होती, तिनं पट्टा चढवला. गल्लीत तिला सगळे गिरणीवालीच म्हणतात. आम्ही दोघं होतो, मी आणि कॅमेरामन. आवाजाचं काम तोच बघायचा आणि पहिल्या दिवशी आवाजानंच घात केला. गिरणी चालू असताना माइकमध्ये फक्त गिरणी येत होती.

"ताई, थोडा वेळ बंद ठेवता येईल का?" त्यानं ओरडून विचारलं.

"ठेवू की!" तिनं ओरडून उत्तर दिलं आणि खटका पाडला.

गिरणी बंद झाली, पण तिचा आवाज खाली आला नाही. अनेक वर्षं गिरणीच्या वरताण बोलून तिचा गळा त्याच पट्टीत बसला होता. मी पहिला प्रश्न हळू विचारला. तिनं उत्तर दिलं ते बोळाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलं.

"मारायचा म्हंजे कशानं काय, हाताला लागंल त्यानं! येकदा तर कपडे वाळत घालायची काठी मोडली माझ्या पाठीवर, आन वर मलाच म्हणला, नवी काठी आण!"

समोरच्या दुकानात कापड मोजणारा माणूस हातातला मीटर तसाच धरून उभा राहिला. दळणासाठी आलेल्या बायका डब्यांवर टेकून ऐकत होत्या. त्यांना बाहेर थांबायची विनंती केली, तेव्हा एक म्हणाली, "आमचा नंबर हाय बाई. आन ही गोष्ट आमाला पाठ हाय. चुकली तर सांगू तिला."

मुलाखत या बायकांच्या देखरेखीखाली झाली. दोनदा त्यांनी तिला अडवलं. एकदा ती दिराचं बोलणं सांगायला विसरली म्हणून, आणि एकदा ती रडायला लागली तेव्हा, "हितं तू हसतीस दरवेळी," असं सांगून. ती हसली आणि पुढं गेली.

तिच्या लेखी गोष्टीचा गाभा मार नव्हता. मारानंतरची दुपार होती.

सासर भूमकडच्या एका गावात. ती तिथून निघाली ती भर दुपारी. चांगली साडी नेसली, मुलीचा हात धरला, एका पिशवीत दोघींचे कपडे भरले आणि पुढच्या दारानं बाहेर पडली. पारावर माणसं बसली होती. त्यांच्या समोरून गेली. एकानं विचारलं, "कुठं निघालीस?" ती म्हणाली, "जाते मी." एसटीला उशीर झाला म्हणून फाट्यावर उन्हात उभी राहिली. येणाऱ्याजाणाऱ्यानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी गावात एकच बातमी होती: ती रात्री पळून गेली.

"रात्री कशी काय?" मी विचारलं.

"रात्री म्हणलं की कुणी बघितलं न्हाय. दुपारी म्हणलं की मग परत्येकाला इचारणार, तू बघत होतास तर काय केलंस?"

त्यानंतर माहेरच्या पाहुण्यांतही तोच शब्द आला. लग्नाबारशाला गेली की मागून हळूच, "पळून आलेली हीच का?" ती फिल्मला तयार झाली ती एवढ्यासाठी. पैसे नकोत, सहानुभूती नको. ती दुपारी गेली हे तिला स्वतःच्या तोंडानं आणि स्वतःचं तोंड दाखवून सांगायचं होतं.

"तोंड झाकलं की झालंच मग," ती म्हणाली. "म्हणतील, बघा, अजून लपतीय. पळालेलीच होती."

ऑफिसचं धोरण चुकीचं नव्हतं. अशा कामात चेहरा झाकणं हा नियम आहे आणि त्यामागं खरी कारणं आहेत. मी ती तिला सांगितली. मुलगी लातूरला शिकते, तिचं काय, हेही विचारलं. तिनं लगेच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मुलगी म्हणाली, "मम्मी, ती मोरपंखी साडी नेस. पिठाची नको." संमतीचा प्रश्न मुलीच्या बाजूनं तिथंच मिटला.

दुसरी अडचण वकिलांची होती. निवेदनात 'मारहाण' लिहिलं होतं, त्यांना 'कथित मारहाण' हवी होती. ते तिला वाचून दाखवावं लागलं.

"कथित म्हंजे?"

"म्हणजे, असं सांगितलं जातं."

"कोण सांगतंय?"

"तुम्ही."

"मग मी सांगते, असं लिहा की. मधी ह्याला कशाला आणलाय?"

वार्ताहर म्हणून मी हा शब्द किती बातम्यांत घातला असेल, याची मोजदाद नाही. त्याचा एवढा सोपा पर्याय बातमीदारीत कुणी सुचवला नव्हता. निवेदन बदललं: "ती सांगते."

चेहऱ्यावर मात्र पुण्याची निर्माती हटेना. मग ऑफिसच्या समाधानासाठी एक नमुना करायचं ठरलं. कॅमेरामननं दार लोटलं, तिच्या मागं दिवा ठेवला आणि तिला स्टुलावर बसवलं. पडद्यावर फक्त काळी आकृती. तेवढ्यात एक बाई डबा घेऊन आत आली, अंधारात बघून म्हणाली, "लाईट गेली व्हय गं? मग बाजरी राहू दे, उद्या येते." गिरणीवाली आकृतीतूनच म्हणाली, "लाईट हाय. मी अंधारात हाय." तो सगळा भाग वाया गेला, कारण कॅमेरा हसण्यानं हलला होता.

दुसऱ्यांदा जमलं. पुण्याहून तो तुकडा आवाज बदलून परत आला. बाईचा आवाज आता विहिरीतून बोलणाऱ्या पुरुषासारखा येत होता.

तो गिरणीवालीनं दोनदा पाहिला. मग तिनं पैज लावली.

"हे माझ्या गिऱ्हाइकांना दाखवा. कुणी वळखलं न्हाय, तर झाका माझं तोंड. मी काय बी बोलणार न्हाय. वळखलं, तर पुण्याच्या बाईंनी ऐकायचं."

लॅपटॉप एका उलट्या डब्यावर ठेवला. गिरणीवाली मागं पट्ट्याजवळ उभी राहिली, तोंडातून शब्द काढायचा नाही या बोलीवर. आम्ही कुणालाही काही सांगितलं नाही, फक्त विचारलं, ही बाई कोण असेल?

पहिल्या बाईनं पडद्याकडं नीट पाहिलंही नाही. "हिला काय झालं? घसा बसलाय वाटतं. हळद घालून दूध घे म्हणावं."

मागच्या गल्लीतल्या खाला चष्मा लावून जवळ आल्या. "अगे, ये तो अपनी गिरणीवाली है," त्या म्हणाल्या. "बोलते वक्त मुंडी ऐसी टेढी करती ना." आणि पट्ट्याजवळ उभ्या असलेल्या गिरणीवालीकडं वळून, "क्यों गे, अंधेरे में क्यों बैठी? मेरे गहू के पहले हरभरा मत पीसना, बोल दिया मैं."

तिसरीनं अंदाज वेगळा केला. ही गिरणीवालीची बहीण असावी, असं तिचं म्हणणं. गिरणीवालीला बहीण नाही.

दुपारपर्यंत निकाल एकतर्फी होता. मग खेड्यावरून बाजाराला आलेली एक बाई मिरची कांडून कुठं मिळेल हे विचारायला आत डोकावली. कळंबात तिची कुणाशी ओळख नव्हती. तिनं मात्र पूर्ण तुकडा उभ्यानं पाहिला.

"मला काय म्हाईत कोण हाय," ती म्हणाली. "पण काय तरी केलं असणार बाईनं. धरून आणल्यागत दिसतीय. न्हायतर तोंड कशाला लपवंल?"

कुणी हसलं नाही. गिरणीवालीनं बोली मोडली. "बघा," ती म्हणाली. पहिल्यांदाच हळू आवाजात. "वळखणारे वळखतात. न वळखणारे चोर समजतात. मग झाकून कुणाला काय मिळालं?"

हे सगळं चित्रित झालं होतं. ते जसंच्या तसं पुण्याला पाठवलं. निर्मातीचा फोन संध्याकाळी आला. तिनं खालांबद्दल विचारलं, मिरचीवाल्या बाईबद्दल विचारलं, आणि मग म्हणाली, बाईंची संमती कॅमेऱ्यासमोर घ्या, चेहरा उघडा ठेवू. वकिलांची एक अट होती. नवऱ्यावर कोर्टात काही सिद्ध झालेलं नाही, त्यामुळं तो कुठंही ओळखू येता कामा नये.

फिल्ममध्ये तो एकाच ठिकाणी होता, लग्नाच्या फोटोत. फेटा, मुंडावळ्या, भरघोस मिशा. कॅमेरामननं गिरणीतच बसून त्याचा चेहरा धूसर केला. गिरणीवाली शेजारी उभी राहून बघत होती. चेहरा धुरकट होत गेला तशी ती पुढं वाकली.

"आरं, ह्याचं झाकताव व्हय?"

"कायदा आहे ताई."

"असू दे, असू दे. नीट झाक." थोडं थांबून ती म्हणाली, "मिशा तेवढ्या ऱ्हाऊ दे."

मिशा ठेवता आल्या नाहीत.

मुलाखत पुन्हा घेतली, मोरपंखी साडीत, उघड्या दारात, उजेड समोरून. दुपारची गोष्ट तिनं एका दमात सांगितली. ऑफिसनं फिल्म ऑनलाइन टाकली. ती कळंबहून भूमला मोबाइलवरून गेली आणि तिथून सासरच्या गावात. काय होतं ते पाहायला आम्ही पुन्हा गिरणीत गेलो. दळणाच्या बायका होत्याच. तेवढ्यात तिचा फोन वाजला. थोरली जाऊ. घर सोडल्यापासून दोघींचं बोलणं नव्हतं. गिरणी चालू होती म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला आणि कानाला लावला.

"भाऊजी लई चिडलेत गं," जाऊ म्हणाली. "म्हणत्यात, माझं तोंड पुसलं. पारावर समदे इचारायलेत, तुमी काय केलंत म्हणून तोंड झाकलं?"

गिरणीवालीनं खटका पाडला. हसून तिला उभं राहवेना.

"आन दुपारचं खरं हाय," जाऊ पुढं म्हणाली. "म्या दारात बसलेली. ज्वारी निवडत. तू माझ्यासमोरून गेलीस."

हसणं थांबलं. "मग तवा का बोलली न्हाईस?"



"तवा घरात तोंड उघडायची सोय व्हती का मला? तुला म्हाईत न्हाय व्हय? आता बाया इचारायला येतात, तर सांगते. ऊन व्हतं, तुझ्या हातात पिशवी व्हती, पोरीच्या पायात लाल चपला व्हत्या."

"निळ्या."

"लाल. म्याच आणल्या व्हत्या बाजारातनं."

"तू आणल्या त्या तुटल्या, बाई. ह्या निळ्या व्हत्या."

"लालच! मी बघितलंय न्हवं!"

"मोठ्यानं बोल," गिरणीवाली ओरडली, "हितं बायांना ऐकू येईना!"