मामावर गेलेलं नाक

भाच्याचे कान टोचायला सोनार घरी आला, तशी ताईने बाळाला उराशी घट्ट धरलं. "त्याच्या जनुकांचा रिपोर्ट येऊ दे आधी."

"एवढंसं तर टोचायचं, त्याला कसला रिपोर्ट?" तिच्या सासूबाई म्हणाल्या. "नाक बघ, अगदी मामावर गेलंय!"

तो मामा मी. लहानपणी दात पडला तरी माझं रक्त थांबायचं नाही. हा दोष मला आईकडून आला. ताईला त्याचा त्रास नाही, पण तिच्याकडून तो बाळात आलेला असू शकतो. पूर्वी हे सुई टोचल्यावरच कळायचं. आता आधी कळतं, पण कळेपर्यंत जीव टांगणीला.

सोनार बोटांत सोन्याची तार फिरवत बसला होता.

फोन वाजला. उचलण्याआधी ताईने माझ्याकडे पाहिलं.

देवा, त्याचं मामावर जाणं नाकावरच थांबू दे.