डेन्मार्ककाकाजींची ज्वारी

काकाजी एकटे असले तरी रांगेत उभे राहायचे. आष्टीच्या बाजारात तेलवाल्याभोवती माणसांचा गराडा पडलेला असायचा, आणि त्या गराड्यापासून चार हात दूर, हातात बुधली धरून, काकाजी ताठ उभे. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही; पण त्यांच्या लेखी ती रांग होती. येणारा प्रत्येक जण त्यांना वळसा घालून गराड्यात घुसायचा, आणि बाजार उठला की काकाजी रिकामी बुधली घेऊन घरी यायचे. काकू दारातूनच म्हणायच्या, "तुमच्या डेनमार्कात भाजीले तेल लागत नसन. आमच्या घरी लागते." काकाजी शांतपणे चपला काढत. "शिकतीन लोक," ते म्हणत. "तिथचे लोकई एका दिवसात नाई शिकले."

काकाजी सहकार खात्यात सुपरवायझर होते. दुधाच्या सोसायट्या कशा चालतात ते पाहायला खात्याने त्यांना काही महिने डेन्मार्कला पाठवलं होतं. परत आल्यावर थोड्याच दिवसांत ते पेन्शनीत निघाले आणि आमच्या गावी, आपल्या घरी राहायला आले. गावाने त्यांचं खरं नाव विसरायला आठ दिवसही घेतले नाहीत. मोठी माणसं 'डेनमार्क' म्हणत, आम्ही धाकटे 'डेन्मार्ककाकाजी'. पोस्टमनसुद्धा पत्र वाटताना वरचं नाव बाजूला ठेवून विचारायचा, "हे आपल्या डेनमार्कचंच ना?"

बोलणं कुठूनही सुरू झालं तरी ते डेन्मार्कात पोचायचं. कोणाचा बैल लंगडला, डेन्मार्क. लग्नात पंगतीला उशीर झाला, डेन्मार्क. एकदा पारावर त्यांनी तिथल्या गाई किती दूध देतात ते सांगितलं. सगळे आ वासून ऐकत होते. शेवटी एकाने विचारलं, "आन म्हशी?" काकाजी म्हणाले, "म्हशी नाईत तिथं." त्याबरोबर सभा उठली. "म्हैस नाई त मंग कायचा देश हाय बापा थो!"

त्यांनी गावात दुधाची सोसायटी काढून पाहिली. ती दोन महिने टिकली. सगळ्या घरांचं दूध एका डब्यात जमा होऊ लागलं आणि प्रत्येकाला वाटलं, एवढ्या दुधात आपलं तांब्याभर पाणी कोणाला कळणार? काकाजींनी डबा धुऊन उपडा घातला आणि स्वतःच हसले. "मी तिथच्या गाई पाहून आलो गा. इथच्या विहिरी पाहाच्या राह्यल्या."

खरं सांगायचं तर गाईंपेक्षा त्यांच्या मनात घर करून बसली होती ती एक म्हातारी. तिच्याच घरी ते भाड्याने राहत होते. दोघांचंही इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे छान जमायचं. तिला सरकारकडून म्हातारपणाचे पैसे मिळायचे. ते आले की ती केक आणायची आणि काकाजींना बळेच खाऊ घालायची. एवढ्यावर ते थांबायचे आणि म्हणायचे, "तिच्या तोंडावर लाचारी नव्हती गा. मी पेन्शन घेतो ना, तशीच घेऊन राह्यली होती थे." त्याच सुमारास तिकडे ठरलं होतं की श्रीमंत असो वा गरीब, म्हातारपणी थोडं तरी सगळ्यांना मिळायचं. काकाजींना ही मात्र तिथल्या लोकांची उधळपट्टी वाटे. ज्याच्या घरी मोटार आहे त्याला कशाला द्यायचं, हे त्यांना काही पटलं नव्हतं.

मी तेव्हा वर्ध्याला कॉलेजात होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे प्राध्यापक बोलतील ते मला ब्रह्मवाक्य वाटायचं. दिवाळीच्या सुटीत मी भीतभीत काकाजींना सांगितलं, "आमचे अर्थशास्त्राचे सर म्हणतात, डेन्मार्कचं आपल्याकडे चालणार नाही. तो देश लहान आहे, श्रीमंत आहे, आणि तिथले लोक एकमेकांसारखे आहेत."

मला वाटलं, चिडतील. त्यांनी मान हलवली. "बरोबर हाय सरांचं. देश लहानच हाय थो." मग जरा थांबून म्हणाले, "पन आपलं गाव त त्याच्याहून लहान हाय. मंग?"

त्या 'मंग'मधून सगळं निघालं. माघात ज्वारीची खळी झाली तेव्हा काकाजी खळ्याखळ्यावर फिरले. ज्या म्हाताऱ्यांना पाहणारं कोणी नाही त्यांच्यासाठी प्रत्येकाने थोडी ज्वारी द्यावी, चावडीजवळच्या खोलीत ती ठेवावी आणि महिन्याला वाटावी. माझी समजूत अशी की लोक नाही म्हणतील. आमच्या पुस्तकात सगळी अडचण देणाऱ्यांचीच लिहिली होती. पण खळ्यावरून कोणाला रिकामं पाठवायचं नाही ही तर गावाची जुनी रीत. लोकांनी टोपल्याने दिलं. खोली भरली.

अडचण आली ती घेणाऱ्यांची.

उन्हाळ्याच्या सुटीत मी घरी आलो त्या सुमारास पहिली दवंडी झाली. कोतवाल पायली घेऊन बसला, काकाजी स्वच्छ धोतर नेसून बसले, आणि दुपारपर्यंत चिटपाखरू फिरकलं नाही. आमच्या शेजारची कौतिका बुढी समोरून गेली तीसुद्धा पदर तोंडावर ओढून, जणू चावडीवर कोणाचं प्रेत ठेवलं होतं. ज्वारी मुख्य करून तिच्यासाठीच होती. तिचा मुलगा पुलगावच्या मिलमध्ये होता. पाच पोरांचा संसार, इकडे काही पोचत नसे. उन्हाळ्यात शेतात मजुरी नाही. तिच्या चुलीतून धूर निघाला की नाही हे माझी आई रोज कुडावरून पाहायची, आणि नाही दिसला तर "चव पाहा वं बुढे, मीठ जास्त त नाई झालं?" असं म्हणत वाटीभर काही घेऊन जायची. बुढी चव पाहायची आणि "जास्तच झालं" म्हणायची. पण ती वाळत चालली होती, हे आम्हांला दिसत होतं.

संध्याकाळी काकाजी स्वतः ज्वारीचं गाठोडं घेऊन तिच्या दारी गेले.

"मले कोनी नाई काय?" बुढी कडाडली. "लेक हाय माया! मिलात हाय! गावाच्या भिकेवर जगून राह्यली मी, असं त्याले उद्या कोनी म्हनलं म्हंजे? काऊन आनलं तुमी हे?"

काकाजींना गाठोडं परत आणावं लागलं. मागोमाग बुढीने त्यांच्या घरी कैरीच्या चटणीची वाटी पाठवली. म्हणजे न घेतलेल्या ज्वारीचंही देणं फिटलं.

दोन दिवस काकाजी खाटेवरून उठले नाहीत. काकू घाबऱ्याघाबऱ्या आमच्या घरी आल्या. "यायले बुखार त नाई आला? दोन रोजापासून डेनमार्कचं नाव नाई काढलं." मी जाऊन त्यांच्याजवळ बसलो. सर म्हणत होते तेच खरं, असं माझ्या मनात होतं, पण मी पिकापाण्याचंच बोललो.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच मला हाक मारली. "अरे, थे उधळपट्टी नव्हती," ते म्हणाले. मला आधी कळलंच नाही. "मोटारवाल्याले काऊन देतेत, मले वाटे. मोटारवाला घेते म्हनून त मायी तिथची म्हातारी मान वर करून घेते! मी इथं फक्त गरिबाले बलावलं. म्हंजे जो येईन त्याच्या कपायावर लिहिल्यासारखं झालं, याचा लेक याले पाहत नाई. कोन येईन?"

लगेच नवी दवंडी. ज्याला ज्याला साठेक वर्षांपूर्वीचा मोठा दुष्काळ आठवतो तो म्हातारा. अशा प्रत्येकाला, घरी कितीही असो, सारखीच पायली. गावात कोणालाच आपलं वय ठाऊक नव्हतं, म्हणून ही खूण. त्यावरही वाद झालेच. दुसरं लग्न करायच्या खटपटीत असलेले एक गृहस्थ शपथेवर सांगू लागले की दुष्काळाच्या वेळी आपण जन्मलोही नव्हतो, आणि त्यांचा धाकटा भाऊ सांगू लागला की मला तो चांगला आठवतो.

पण पाटलांच्या घरून कोणी आलं नाही तर बाकीचं गाव येणार नाही, हे काकाजींना माहीत होतं. ते मला घेऊन पाटलांकडे गेले. पाटील ओसरीवर होते. ऐकून आधी हसले, मग त्यांचा चेहरा उतरला.

"काकाजी, आमच्या कोठ्या भरल्या हायेत. अन् मायी माय चावडीवर पदर पसरन? गाव थुंकन माया तोंडावर."

काकाजींनी डेन्मार्कचं सगळं सांगून पाहिलं. पाटील मान हलवत राहिले. आम्ही उठलो. तेवढ्यात दाराआडून आवाज आला. पाटलांच्या आई, सगळं गाव त्यांना बडीमाय म्हणायचं, केव्हापासून तिथे उभ्या होत्या कोण जाणे.

"थे ज्वारी कोनाच्या नावाची म्हनता?"

"तुमच्या, बडीमाय."

"पाटलाच्या नाई?"

"नाई."

"सुनेच्या?"

"नाई. तुमच्या एकटीच्या."

बडीमाय वळल्या. आत गेल्या. कोठ्यांच्या किल्ल्या सुनेच्या कमरेला होत्या, हे गावात कोणाला सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात बडीमाय एकट्या चावडीवर आल्या. ठेवणीतलं लुगडं नेसून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची दारं उघडत गेली. त्यांनी पदर धरला आणि कोतवालाला म्हणाल्या, "ओत बापा." कोतवालाने गडबडून इतकं ओतलं की पायली शिगोशीग भरून वर सांडली. तिथून त्या थेट फुटाणेवालीच्या टोपलीशी गेल्या, अर्धी ज्वारी देऊन फुटाणे आणि गूळ घेतला, आणि पारावर बसून सगळ्यांसमोर खाल्ला. पाटील बोलवायला आले तर म्हणाल्या, "थांब. मायं खाऊन होऊ दे."

त्यानंतर चावडीवर म्हाताऱ्यांची रीघ लागली. कौतिका बुढी सगळ्यांत शेवटी आली, कोणाकडे न पाहता. कोतवालाने तिची पायली भरली, वरून हात फिरवला आणि पदरात टाकली. बुढी जागची हलली नाही. पदराकडे पाहिलं, पायलीकडे पाहिलं, आणि सगळी चावडी दणाणून सोडली:

"बडीमायले शिगोशीग, अन् मले सपाट काऊन? तिचा दुष्काळ मोठा होता काय रे मुडद्या?"

कोतवाल ओशाळला. हसण्याचा एकच गदारोळ झाला. काकाजी तेवढे हसत नव्हते; त्यांचे डोळे भरून आले होते. "जमलं गा," ते माझा दंड धरून म्हणाले. "भांडून राह्यली थे. आता जमलं."

पोळ्याला बुढीचा मुलगा आला. ज्वारीचं ऐकून त्याने आधी मान खाली घातली. मग पाटलांच्या आईही घेतात हे कळलं आणि त्याला मोकळं वाटलं. पुढे तो वरचेवर येऊ लागला. तोंड चुकवायचं कारण उरलं नव्हतं.

हे सगळीकडे चालेल का? मला अजून सांगता येत नाही. त्या वर्षी पीक बरं होतं. पुढे ते नसेल तेव्हा काय, याचं उत्तर काकाजींकडेही नव्हतं. सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, एक गाव म्हणजे देश नव्हे. तेही खरं आहे. मी ते काकाजींना कळवलं, तर म्हणाले, "सरांले म्हना, दुसरं गाव करून पाहा. मंग तिसरं."

ते दुसरं गाव करायला काकाजींना वेळ मिळाला नाही. दम्याने त्यांना जेरीला आणलं आणि बोरगाव मेघेला राहणाऱ्या मुलीने हट्टाने दोघांनाही तिकडे न्यायचं ठरवलं. दिवाळीची सुटी संपवून मी वर्ध्याला निघालो, त्याच दिवशी त्यांचीही बैलगाडी निघाली. आष्टीला मोटार धरायची होती. सगळं गाव वेशीपर्यंत आलं होतं. कौतिका बुढी गर्दीतून पुढे घुसली आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी तिने काकाजींच्या मांडीवर ठेवल्या.

"कायले वं बुढे?" काकाजी गोंधळले आणि फडकं परत तिच्या हातात द्यायला लागले. "ठेव तुले. मायी लेक हाय तिथं. तिच्या घरी सगळं हाय."

"असन ना," बुढी म्हणाली. "बडीमायच्या घरी काय नव्हतं?"

काकाजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात पुढे करून त्यांनी ते फडकं घेतलं.