पोर्ट म्हणजे वाहून नेणं

मैत्रिणींनो, आज फार संतापले आहे.

दर शनिवारी मी गावातल्या शाळेत हौसेने इंग्रजी शिकवते. आज ‘पोर्ट’ हे लॅटिन मूळ घेतलं. साठच्या दशकात आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी ते लोणावळा स्टेशनावर हमालांकडे बोट दाखवून शिकवलं होतं. पोर्ट म्हणजे वाहून नेणं. मग पोर्टर, ट्रान्सपोर्ट, एक्स्पोर्ट आपोआप उलगडत गेले आणि माझी इंग्रजीची भीती गेली ती कायमची.

"मंग रिपोर्ट म्हंजी बातमी माघारी वाहून आणायची, व्हय बाई?" भाजे गावाहून येणारी आठवीतली सुनंदा म्हणाली. कुणी न सांगता! मला भरूनच आलं.

दारात उभे असलेले मुख्याध्यापक हसले. "मॅडम, हिला कशाला लॅटिन? पुढे ढाब्यावर भाकऱ्याच थापायच्यात. गाइड पाठ करून घ्या, नाहीतर तास बंद."

सुनंदाने मान खाली घातली. मी खडू टेबलावर आपटला आणि बाहेर पडले.

फाटकापाशी ती धावत आली. "बाई, आता मी कुटं येऊ?"

"माझ्या घरी, तुंगार्लीला."

कुठल्या पोरीला किती शब्द पुरेत, हे ठरवणारा हा माणूस कोण?