निम्मी शक्यता

नगरहून तिसगावला येताना एसटीत माझ्या शेजारी एक जण बसला होता. कुठल्या देशात युद्ध पेटणार याचे अंदाज बांधतो, पुस्तकं लिहितो म्हणाला. माझा लेक दुसऱ्या दिवशी आखातात कामाला निघालेला. म्हटलं, "भाऊ, तिकडं पेटंल का ओ? पाठवू का नको?"

तो तिकिटाच्या घड्या घालत राहिला. "निम्मी शक्यता आहे, मावशी."

"मग काय निम्मा लेक पाठवू? तुमचं कोणी हाय का तिकडं?"

"मुलगी आहे." घड्या थांबल्या. "परत ये म्हणून रोज मोबाईलवर लिहितो, रोज पुसतो. शेवटी जेवलीस का, एवढंच विचारतो."

घरी लेक बॅग भरत होता. 'जाऊ नको' अगदी ओठावर आलं होतं. मी विचारलं, "जेवलास का रं?"