रावजी पिलणकराचा बिनतारी दिवा

मांडवी बंदरात थापांचं कुणाला वावडं नव्हतं. बोटीवरून सुटून आलेला खलाशी एक ट्रंक आणि चार थापा घेऊन यायचा, आणि लोक ट्रंकेइतक्याच हौसेने थापाही उघडून घ्यायचे. एकाने सांगितलं, एडनच्या पुढे बाईच्या तोंडाचा मासा दिसला आणि त्याच्या नाकात नथ होती. खपलं. दुसऱ्याने सांगितलं, विलायतेत कुत्र्यांनासुद्धा रविवारी सुट्टी असते. तेही खपलं. आणि रावजी पिलणकर, ज्याला जन्मात कधी धड खोटं बोलता आलं नाही, त्याने एक खरी गोष्ट सांगितली तर अख्ख्या बंदराने त्याला थापाड्या ठरवलं. आता काय म्हणावं या लोकांना?

ती खरी गोष्ट अशी. रावजी अठराव्या वर्षी मुंबईला जाऊन मालाच्या आगबोटीवर चढला आणि चौदा वर्षं डेक धुवत जगभर फिरला. शेवटी शेवटी त्याच्याकडे बिनतारी खोलीतलं पितळ घासायचं काम आलं. त्या खोलीत एक साहेब कानाला यंत्र लावून बसायचा आणि बोटाखालची कळ कट्टकट्ट दाबून लांबच्या बोटींना निरोप धाडायचा. एकदा साहेबाला लहर आली. त्याने बॅटरीतला चिंचोक्याएवढा दिवा तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याला जोडला, वेटोळं रावजीच्या हातात दिलं आणि कळ दाबली. दिवा पेटला. तेल नाही, वात नाही, वेटोळं कशाला जोडलेलं नाही. साहेब कळ दाबी तसा दिवा लुकलुके. साहेबाने समजावलं, की निरोप हवेतून जाताना थोडी ताकद बरोबर नेतो, आणि वाटेत कुणी तार धरली तर त्यातली चिमूटभर त्यालाही मिळते.

बस, एवढंच. यात नथ नाही की सुट्टी नाही. पण १९३० साली बोट सोडून घरी आलेल्या रावजीने हे सांगितलं मात्र, लोकांनी त्याला फाडून खाल्लं. "रावजी, लाकडं ओली आहेत, चुलीत वाईच हवा पेटव," असं बायकासुद्धा म्हणायला लागल्या.

रावजीने ते हसण्यावारी नेलं. तो पडावावर कामाला लागला होता. मुंबईची बोट बंदराबाहेर नांगर टाकायची आणि तिथून उतारूंना किनाऱ्यावर आणायचं ते पडावातून. म्हाताऱ्यांना, बोचक्यांना, टोपलीतल्या कोंबड्यांना, सगळ्यांना रावजी सारख्याच काळजीने हात देई. थट्टा त्याच्या अंगाला लागत नसे. लागली ती सगुणापायी.

सगुणा सुंभ वळायची. नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात महिनोन् महिने कुजत घालायची, बडवून त्यांचा काथ्या काढायचा आणि तो वळून सुंभ करायचा, यावर तिचं घर चालायचं. तिच्या हातचा सुंभ पडाववाले न बघता घेत, आणि तिचा शब्दही तसाच घेत. बुधवारी देते म्हणाली की बुधवारीच. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा मुंबईत वारला. गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचा मुकादम, आहे म्हणून तो पत्रं पाठवायचा. गेल्यावर कळलं की गिरणी त्याने बाहेरूनच पाहिली होती आणि परळला त्याचा दुसरा संसार होता. तेव्हापासून गोड बोलणारा पुरुष दिसला की सगुणाच्या कपाळाला आठी पडे.

पडावाला लागतो त्याच्या तिप्पट सुंभ घरात येऊन पडायला लागला, तेव्हा रावजीची थोरली बहीण मालन हिला काय ते उमगलं. ती सगुणाकडे पाटाचं विचारायला गेली. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. त्यांच्यात ती रीत होती, आणि त्यात बाईचा शब्द शेवटचा.

सगुणाने सगळं ऐकून घेतलं. "माणूस कामाचा आहे," ती म्हणाली. "रंगाने काळा, चालेल. घर गळतं, शाकारता येईल. पण शब्दाचा खोटा नवरा मी एकदा करून बघितला, मालनआक्का. आता पुन्हा नाही. हवेवर दिवा पेटतो म्हणे."

"अगो, तो खोटं बोलत नाही."

"मग दाखवू दे पेटवून. पेटला तर त्याच दिवशी हो म्हणते."

मालनने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा रावजी भाकरी खात होता. त्याचा घास तोंडातच राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणाशी लग्न करावंसं वाटलं होतं, आणि ते आता चिंचोक्याएवढ्या दिव्यावर येऊन अडलं होतं. बिनतारी यंत्र असलेली बोट मांडवीला कशाला येते? तीन महिने तो समुद्राकडे बघत राहिला.

पण नशीब बघा. माघात सरकारची समुद्र मोजणारी बोट आली आणि जेट्टीपासून हाकेच्या अंतरावर नांगर टाकून बसली. तिच्या दोन डोलकाठ्यांमध्ये ताणलेली तार रावजीने लांबूनच ओळखली. पडावातून बोटीवर भाजी पोचवताना त्याने तिथल्या खलाशाकडून सगळं काढून घेतलं. रोज संध्याकाळी पाचला मुंबईला निरोप जातो, आणि सोमवारी निरोप गेला की नांगर उचलायचा.

मग रावजीला तहानभूक राहिली नाही. ट्रंकेतून तांब्याची तार आणि साहेबाकडचा तो चिंचोक्याएवढा दिवा निघाला. दोन माडांच्या शेंड्यांमध्ये ती ताणून बांधली, आणि बांधली ती कशाने, तर सगुणाच्या हातच्या नव्याकोऱ्या सुंभाने. सबंध बंदरात त्याहून चांगलं काही मिळालं असतं का? तारेचं एक टोक खाली आणून बांबूवर गुंडाळलेल्या वेटोळ्याला जोडलं. वेटोळ्यातून दुसरी तार काढून ती ओल्या वाळूत पुरलेल्या पत्र्याला लावली. मध्ये साबणाचं रिकामं खोकं आणि खोक्यावर तो इवलासा दिवा. पडावावरचा त्याचा सोबती बाबल्या दिवसभर बरोबर राबला. बाबल्या जिवाला जीव देणारा माणूस, फक्त अक्कल द्यायची वेळ आली की त्याच्याकडे शिल्लक नसे.

शुक्रवारी पाचला दिवा पेटला नाही. शनिवारी रावजीने बोटीच्या यंत्राशी सूर जुळवायची वेटोळ्यावरची पट्टी केसाकेसाने पुढेमागे सरकवून बघितली. नाहीच. पण रविवारचं आमंत्रण मालनने आधीच वाडीभर देऊन ठेवलं होतं. तिच्या उत्साहाला आवर घालणारा माणूस अजून जन्मायचा होता.

रविवारी साडेचारपासून माडांखाली ही गर्दी. सगुणाही आली, बायकांच्या मागे उभी राहिली. नवं काम म्हणजे देवाला गाऱ्हाणं घालायलाच हवं, म्हणून म्हातारा सदूआजा हात जोडून पुढे झाला.

"बा देवा भैरीबुवा, आज ह्या तुझ्या लेकराने हवेवर दिवा पेटवायचा घाट घातलाय..."

"होय महाराजा," लोक ओरडले.

"तर त्याच्या तारेत काय अडलंनडलं असेल तर दूर कर, आणि त्याचं डोकं फिरलं असेल तर तेही ठिकाणावर आण..."

"होय महाराजा," आता लोक दुप्पट जोराने ओरडले.

पाच वाजले. रावजीने श्वास रोखून तार दिव्याला टेकवली, आणि दिवा भक्कन पेटला. पांढरास्वच्छ. गर्दीतून एकच आवाज उठला. सदूआजाने दिव्याला हात जोडले, मालन रडायला लागली, आणि बायकांच्या मागे उभी असलेली सगुणा हसली. सहा वर्षांत तिला असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. रावजीने पाहिलं आणि त्याला आभाळ ठेंगणं झालं.

मग त्याने पुन्हा दिव्याकडे पाहिलं. दिवा जळत होता. नुसता जळत होता, एकसारखा. बोटीवर साहेब कळ दाबतोय, सोडतोय, आणि हा दिवा लुकलुकतच नाही? रावजीने बाबल्याकडे पाहिलं. बाबल्या डोळा मारत होता.

गप्प बसायला त्याला कुणी नको म्हटलं नव्हतं. बंदर खूश होतं, बहीण खूश होती, आणि सगुणा हो म्हणायला चार पावलांवर उभी होती. रावजीला हे सगळं समजत होतं. मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही, चांगला झाला. पण तिच्या हसण्याकडे बघत बघत त्याने खोकं उलटं केलं. आत सुतळीने बांधलेले बॅटरीचे दोन मसाले, म्हणजे सेल, होते.

"हा माझा दिवा नाही," तो म्हणाला. "हा मसाल्यावर पेटलाय. बिनतारीवर पेटला असता तर लुकलुकला असता. माझा अजून पेटलेला नाही."

मग जो हशा झाला तो पार पेठेपर्यंत ऐकू गेला असेल. लोक पोटं धरधरून हसत घरी गेले. "तुझ्यासाठीच केलं रे," बाबल्या रडवेला होऊन म्हणाला, आणि रावजीला त्याला शिव्याही घालवेनात. त्याने मान वर केली तेव्हा सगुणा तिथे नव्हती. संपलं, असं त्याच्या मनाने घेतलं. ती रात्र त्याने कशी काढली ते त्यालाच ठाऊक.

सोमवारी दुपारी बाबल्या पडाव घेऊन मुंबईच्या बोटीवर गेला होता आणि रावजी एकटाच तार उतरवायला माडाखाली आला, तर सगुणा आधीच तिथे बसलेली.

"काल गप्प राहिला असतात तर मी हो म्हटलं असतं," ती म्हणाली.

"ठाऊक होतं."

"मग?"

"लुकलुकत नव्हता ना."

सगुणाने पदराची वाळू झटकली. "मालनआक्काला सांगा, माझं हो आहे. दिवा पेटो, न पेटो. मला माणूस बघायचा होता, तो बघून झाला."

रावजी तार उतरवायची सोडून माडाचा बुंधाच थोपटत राहिला. तेवढ्यात सगुणाची नजर वर गेली.

"तार कशाने बांधलीत?"

"तुझ्याच सुंभाने."

"अहो, तो दहा महिने खाडीत मुरलेल्या सोडणांचा. खारं पाणी पोटात आहे त्याच्या. समुद्रावरचा वारा लागला की ओल धरतो. हात लावून बघा, चिकट लागेल. चालतो का तो तुमच्या तारेला?"

रावजीने कपाळावर हात मारून घेतला. बोटीवरच्या तारेला दोन्ही टोकांना चिनी मातीचे पेले असतात आणि ते कशासाठी असतात, हे त्याने शंभरदा पाहिलं, ऐकलं होतं. खाऱ्या ओलीतून वीज पाण्यासारखी वाहून जाते. तारेत येणारी चिमूटभर ताकद तीन दिवस हा सुंभ माडांना पाजत बसला होता. दोर म्हटला की खलाशी तो मजबूत आहे का एवढंच बघतो, आणि हा तर प्रेमाने आणलेला दोर.

सगुणा धावत जाऊन सोड्याच्या दोन रिकाम्या बाटल्या घेऊन आली. रावजी लुंगी खोचून सरसर माडावर चढला. बाटलीच्या मानेला तार, बुडाकडे सुंभ, मध्ये कोरडी काच. एका माडावर झालं, मग दुसऱ्यावर. खाली उतरला तेव्हा पाच वाजायला थोडाच वेळ राहिला होता. दोघांनी ओणवं होऊन खोक्यावर पदराची सावली धरली.

आधी काही नाही. रावजीने पट्टी हळूच सरकवली. आणि दिव्याच्या पोटात एक लाल धागा उमटला, विझला, पुन्हा उमटला. लांब, आखूड, आखूड, लांब. काडीच्या विस्तवापेक्षाही मंद, पण लुकलुकत होता. सगुणाने दिव्याखालून, वरून, खोक्यात, वाळूत हात घालून पाहिलं. कुठे काही नव्हतं. "अगो बाई," ती हळूच म्हणाली, आणि निरोप संपेपर्यंत तिने डोळे हलवले नाहीत. मग बोटीने नांगर उचलला आणि ती दक्षिणेला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सगुणा सुंभाच्या जुड्या घेऊन बंदरावर गेली आणि तिने सगळ्यांना सांगितलं. दिवा पेटला. मी या डोळ्यांनी बघितला. लोक हसले. तिला वाटलं, नीट ऐकलं नसेल, म्हणून तिने पुन्हा सांगितलं, बाटल्यांसकट. लोक आणखी हसले. "पाट ठरला ना गो, आता नवऱ्याचंच म्हणणार तू," सदूआजा म्हणाला. तिने भैरीची शपथ घेतली. तेव्हा एक बाई दुसरीला म्हणाली, चांगली होती हो बाई, आठवड्यात बिघडली. जिचा शब्द बंदर डोळे मिटून घेत होतं, तिचं एवढंसं खरं कुणी घेईना.

सगुणा तरातरा रावजीच्या घरी आली आणि पडवीत मटकन बसली. रावजी जाळं विणत होता.

"कुणी मानत नाही," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"नाही मानणार."

"पण मी बघितलाय."

"मलाही ठाऊक आहे."

तिने डोळे पुसले आणि त्याच्याकडे नीट बघून विचारलं, "वर्षभर हे कसं काढलंत हो तुम्ही?"

रावजीने हातातली सुई खाली ठेवली.

"एकटा होतो," तो म्हणाला, "म्हणून कठीण गेलं."