कागदाचा हलवा

कागद कातरायला बसलं की मांडीवर बारीक कातरण साचतं. उठताना पदर झटकावा, केरसुणी फिरवावी, तरी चार दिवस ते सापडतच राहतं. कधी पिठाच्या डब्यात, कधी आत्याबाईंच्या अंबाड्यात, आणि आमच्या घरी तर बहुतेक वेळा दिगूच्या मुठीत. आमच्या ओसरीवरच्या गोष्टींचंही तसंच झालंय. गेल्या संक्रांतीला आम्ही चौघीजणी कागद कातरत बसलो काय, अजून कुणी तरी विहिरीवरून एखादा किस्सा उचलून आणतं आणि विचारतं, "हे सांगितलं का न्हाई तुमी?"

तर सांगते.

दिगू माझा पहिलाच. तेव्हा वर्षाचाही नव्हता आणि जे दिसेल ते तोंडात घालायचा. त्याची पहिली संक्रांत, म्हणजे बोरन्हाण आलं. काळं झबलं, अंगावर हलव्याचे दागिने, पाटावर बसवून डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतायचे. झबलं शिवून झालं. पण हलव्याला साखर लागते, आणि लढाईपायी साखर कंट्रोलात गेलेली. आमच्या कुरुंद्यात हळद हवी तेवढी मिळाली असती. हळदीचा हलवा कोण घालणार?

त्यात परभणीहून वन्सं येणार होत्या. माझ्या थोरल्या नणंद. हलव्याला साखरेचा काटा आणावा तर वन्संनीच, अशी त्यांची ख्याती. त्यांचा निरोप आला, "भाच्याच्या अंगावर हलव्याचे दागिने नसले तर मी पाटापाशी यायची न्हाई. इकडं साखरेचा दाणा न्हाई. तुमच्याकडं खेड्यात मिळत असंल."

आणि आमच्या घरात पहिली ओंजळ लेकराच्या आत्याची, म्हणजे वन्संची. ती ओतल्याबिगर बोरन्हाण झालं असं कुणी धरत नाही.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, संध्याकाळी तांदूळ निवडत बसल्या होत्या. सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "कुसुम, तू माहेरी कागदाची फुलं करायचीस ना? मग कागदाचा हलवा कर."

"आत्याबाई, वन्संना कळंल की."

"कळू दे. तवर ओंजळ ओतून झालेली असंल."

*

पहिलं विघ्न आलं कात्रीचं.

घरात एक कात्री होती. दिगू रांगायला लागल्यापासून मी ती लपवून ठेवत होते. रोज नवी जागा. आणि नेमकी गरज पडली तेव्हा कुठं ठेवली ते मलाच आठवेना. उतरंड उतरवली, गाद्या झटकल्या, कणगीत हात घातला. नाही म्हणजे नाही.

आमच्या मागं मेंढरंवाली यशोदा राहते. ती म्हणाली, "बाई, माझी हाय की," आणि मेंढरं भादरायची कातर घेऊन आली. केवढी तर माझ्या कोपरापासून बोटापर्यंत. कागदाची घडी घालून तिनं गुडघ्यात धरली, जशी मेंढी धरतात तशी, आणि एक घास मारला. फूल उलगडलं तर ताटाएवढं.

शेजारच्या गयाकाकू मान वाकडी करून बघत होत्या. म्हणाल्या, "यशोदे, हे लेकराच्या गळ्यात न्हाई बसायचं. लेकरू ह्याच्यात बसंल."

यशोदा कागदावरच चिडली. "मेंढी बी एवढी फडफड करत न्हाई."

शेवटी गयाकाकूंनी शिंप्याच्या बायकोकडून लहान कात्री आणली. मी विचारलं, रात्री ही कुठं ठेवायची? तिघींनी एकदम सांगितलं, "तुमच्याकडं न्हाई!"

*

मण्यांचं तंत्र मात्र जमलं. पांढऱ्या कागदाची बोटभर रुंद पट्टी घ्यायची, तिच्या एका कडेला केसासारखी बारीक झालर कातरायची, आणि गच्च गुंडाळून खळीनं चिकटवायची. झालर फुलते आणि मणी काटेरी दिसतो. हातभर लांबून बघितलं तर हलवाच. हार झाला, वाळे झाले, बाजूबंद झाले. मुकुटाला मात्र चमक हवी होती.

चहाच्या पुड्यात आतून चांदीचा कागद असतो. तसा पुडा सगळ्या आळीत एका गयाकाकूंच्या घरात, आणि तो नुकताच फोडलेला. गयाकाकू म्हणाल्या, "संपवून देते."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी काकांना गुळाचा चहा पाजायला सुरुवात केली. सकाळी चहा. शेतावर निघाले, चहा. शेतावर पोचले तर मागून गड्याच्या हाती किटली. काका आधी खूश झाले, मग त्यांना संशय यायला लागला. ओसरीवर येऊन आत्याबाईंना हळूच विचारून गेले, "वैनी, हिच्या माहेरचं कोणी येऊन राहिलं का? इतकं गोड काहून वागती?"

पुडा निम्म्यावर आला तेव्हा काकांची झोप पार उडाली होती. गयाकाकू मला म्हणाल्या, "तुझ्या लेकराच्या मुकुटापायी माझा माणूस घुबडावाणी जागून राहिला."

आमच्यात सगळ्यात लहान विमल. पलीकडच्या घरची नवी सून, बोलायची कमी. ती झालर कातरता कातरता म्हणाली, "काकू, चहा डब्यात ओतून कागद काढून घेतला असता तर?"

गयाकाकूंनी हातातला मणी खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुला चार दिवस तोंड नव्हतं का?"

कागद मिळाला. पण काकांना सवय लागली ती लागलीच. गड्याची किटली अजून शेतावर जाते.

*

खळीचा किस्सा सांगताना मला अजून धडकी भरते. बाकीच्या हसतात.

चुलीच्या कडेला दोन वाट्या होत्या. एकीत दिगूची पेज, दुसरीत गव्हाच्या पिठाची खळ. मी पाणी भरून आले. ओसरीवर कमरपट्टा चिकटवायला बसले, तर एकही मणी धरेना. इकडं लावावा, तिकडं गळून पडावा. यशोदा म्हणाली, "ह्या खळीत जोर न्हाई." गयाकाकूंनी बोट बुडवून चाटलं आणि माझ्याकडं बघितलं. "कुसुम, खळीत तूप कुणी घातलं?"

मी आत पळाले. आत्याबाई दिगूला मांडीवर घेऊन वाटीतला शेवटचा घास भरवत होत्या. वर गूळही घातला होता.

मला रडूच फुटलं. आतडी चिकटली असतील, उद्या काही उतरणार नाही, वैद्याला बोलवा, वसमतला न्या, मी काय काय बोलले मलाच ठाऊक नाही. दिगू ओठ चाटत माझ्याकडं बघत होता.

गयाकाकूंनी मला दंडाला धरून खाली बसवलं. "अगं, गव्हाचं पीठ अन् पाणी. आपण सगळे जलमभर तेच खाऊन राहिलो. आपण भाजून खातो एवढंच."

आत्याबाईंना तोवर काय झालं ते उमगलं होतं. वाटी उपडी करून दाखवत म्हणाल्या, "तरीच. तुझ्या पेजेला त्यानं कधी अशी वाटी चाटली न्हाई."

*

हातासरशी आम्ही तिळगुळाची कार्डं पण केली. जाड कागद दुमडायचा, वरच्या बाजूला पतंग नाहीतर कलश कातरायचा, आतून रंगीत कागद लावायचा. लिहायचं काम माझ्याकडं. माझं माहेर वऱ्हाडात, वाशीमकडं. तिथं मी सातवीपर्यंत शिकले, म्हणून आळीत कुणाला एक ओळ लिहायची असली तरी ती माझ्यापाशी येते. यशोदा तर मला 'वऱ्हाडचा मास्तर' म्हणते.

विमलचा नवरा हैदराबादेला नोकरीला. तिनं सगळ्यात सुरेख कार्ड केलं. आत नुसतं लिहून तिचं समाधान होईना. खरे तीळ आणि किसलेला गूळ घेऊन तिनं कार्डावर खळीनं चिकटवले, बदामाच्या आकारात. मी म्हटलं, "विमल, पोस्टात हे टिकायचं नाही." ती लाजून म्हणाली, "त्यांना गूळ लई आवडतो."

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. तिला वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. एवढंच होतं: "कार्ड पोचले. मुंग्याही सुखरूप पोचल्या."

गयाकाकूंचं त्यांच्या समोरच्या कोंडाबाईंशी बांधावरून बोलणं बंद होतं. तरी सण म्हणून त्यांनी एक कार्ड लिहायला सांगितलं. मी बोरू दौतीत बुडवला. "तिळगूळ घ्या…"

"बस. एवढंच."

"आणि 'गोड बोला'?"

"ते न्हाई. आधी तिला नुसतं बोलू दे. गोडाचं मग बघू."

*

वन्सं यायच्या आदल्या दिवशी सगळे दागिने तयार झाले. आता मापाची चिंता. दिगूच्या अंगावर घालून बघावेत तर तो फाडणार, नाहीतर खाणार. माझ्या डोळ्यांपुढं दुसरं काही येतच नव्हतं. तो पाटावर बसलाय, सगळ्या बायका बघतायत, वन्सं ओंजळ भरतायत, आणि माझं लेकरू हार चघळतंय.

यशोदा म्हणाली, "बाई, आमच्या नव्या कोकराची मान अन् दिगूची मान सारखीच हाय."

मला राग आला. मग मी दोऱ्यानं मोजून बघितलं. बराबर सारखीच.

कोकरू शहाणं होतं. मुकुट घालू दिला, पुढच्या पायांत वाळे घालू दिले, हार घातला तरी उभं. विमल म्हणाली, "दिगूपेक्षा ह्यालाच शोभतंय." आम्ही चौघी हसायला लागलो आणि तेवढ्यात ते निसटलं.

गल्लीतून कोकरू पळतंय, डोक्यावर चांदीचा मुकुट, मागं यशोदा, तिच्या मागं मी, आणि देवळातून आत्याबाई येऊन राहिल्या. कोकरू त्यांच्या पुढ्यात जाऊन थांबलं. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "बोरं आणा. आलाच हाय तर ह्याचं बी उरकून टाकू."

मी मुकुट काढून घेतला, वाळे काढले. हार काढायला गेले तर अर्धाच हातात आला. बाकीचा कोकरू शांतपणे चावत होतं.

"बघा," यशोदा म्हणाली, "उद्या सकाळी हे ठीक असलं तर दिगूची काळजी सोडा. त्यानं खाल्ला तरी पचंल."

संध्याकाळपर्यंत चौघींनी मिळून नवा हार केला. बोटं सोलवटली. दुसऱ्या दिवशी उठल्याबरोबर मी आधी कोकराला बघून आले, मग दिगूला. दोघंही खेळत होती.

*

वन्सं आल्या. त्यांचं लुगडं, त्यांची ट्रंक, त्यांचं ओसरीवरून एकदा सगळीकडं बघणं. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाल्या, "बारीक झालीस. लेकराकडं बघतेस का नुसती काळजी करतेस?" मी त्यांची ट्रंक उचलून आत नेली.

दुपारी बायका जमल्या. गयाकाकू पाटाच्या शेजारीच बसल्या, म्हणजे वेळ आली तर मधे पडता यावं. यशोदा दाराशी. विमल चुरमुऱ्याची परडी घेऊन माझ्या मागं. मी मुद्दामच पाट खिडकीपासून लांब, कोपऱ्यात मांडला होता. दिगूला काळं झबलं घातलं, दागिने चढवले आणि त्याच्या दोन्ही हातांत एक एक बोर दिलं, म्हणजे मूठ रिकामी राहणार नाही. तो बोरांकडंच बघत बसला. हाराला हात लावीना.

"अगं बाई," कोंडाबाई म्हणाल्या, "इतकी साखर आणली कुठून?"

आत्याबाईंनी निरांजनाची वात सारखी केली. "मिळाली."

वन्संनी ओवाळलं. ओंजळ भरली. बोरं, चुरमुरे, तीळ, हरभरे दिगूच्या डोक्यावरून खाली आले, तो दचकला, आणि मग खदखदून हसला. पोरांनी बोरांवर झडप घातली. आत्याबाई माझ्याकडं बघून डोळ्यांनीच म्हणाल्या, झालं. मी पदरानं दिगूच्या केसांतले चुरमुरे झटकले.

आता आमच्याकडं एक रीत आहे. ओंजळ झाली की आत्या लेकराच्या हारातला एक दाणा तोडून आपल्या तोंडात टाकते, म्हणजे लेकराची इडापिडा तिनं चावून टाकली. दिगूनं हार खाऊ नये म्हणून मी पंधरा दिवस जिवाचं रान केलं होतं. ही रीत आमच्यापैकी एकीच्याही ध्यानात आली नव्हती.

वन्सं वाकल्या. हारातला मधला, सगळ्यात मोठा मणी त्यांनी दोन बोटांत धरला, तोडला आणि तोंडात टाकला.

गयाकाकूंनी पदर तोंडात कोंबला. यशोदा दारातून दिसेनाशी झाली. विमलनं परडी तोंडापुढं धरली. आत्याबाई एकदम देवाकडं तोंड करून बसल्या.

वन्सं चावत होत्या. एकदा. पुन्हा एकदा. सगळ्या बायका त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या, कारण हलव्याचं काय ते सांगणार तर वन्संच. त्यांनी घास या गालातून त्या गालात घेतला. डोळे मिटले. आवंढा गिळला. पाण्याचा तांब्या मागितला नाही.

मग पदरानं ओठ टिपले आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "कुसुम, काटा फस्ट क्लास आलाय. साखर तेवढी कमी पडली."

आणि दुसरा मणी तोडायला हात पुढं केला.